रोबोटची पाठ टेकली का?

परवा माझा भाचा कॉम्प्युटरवर यंत्रांची मारामारी बघत बसला होता. एक राक्षसाएवढा रोबोट दुसऱ्याला उचलून आपटत होता. माझ्या तोंडून आपसूक गेलं, "दोन्ही खांदे टेकले का रे?" पोरगं माझ्याकडे असं बघायला लागलं, की मावशीला आता डॉक्टरकडेच न्यावं लागणार!

त्याला काय सांगणार? आमच्या केबलच्या ऑफिसात एक पत्र्याचा डबा होता. तुटक्या वायरी, वाकलेले कनेक्टर, चिकटपट्टीचे तुकडे, सगळं त्यात टाकायचं. 'लागेल कधीतरी' म्हणून. तो डबा सहा वर्षांत कधी रिकामा झाला नाही आणि त्यातलं काही लागलंही नाही. किस्से असेच साठतात. आज म्हटलं, उपडा करूनच टाकू.

मी तिथे कंप्लेंट घ्यायला बसायचे. म्हणजे फोन उचलायचा आणि शिव्या खायच्या. नाशिकमध्ये पंचवटीतल्या आठ-दहा गल्ल्यांना आमची केबल. दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. मालक विलासभाऊ. वायरी ओढणारा, खांबावर चढणारा आणि मशीन चालवणारा, सगळं एकच माणूस, सलीम. आणि मी. एवढाच आमचा कारभार.

भाऊंचं स्वतःचं एक लोकल चॅनलही होतं. त्यावर आरत्या, वाढदिवसाचे फोटो आणि 'शेळी हरवली आहे'. त्यापलीकडे काही नाही. अशा चॅनलनं आख्ख्या पंचवटीचं रविवारचं जेवण लांबवलं, हे आज सांगितलं तरी खोटं वाटतं.

*

भाऊंचा मेहुणा जहाजावर होता. त्यानं येताना जपानहून पिशवीभर सीडी आणल्या. कार्टूनची सिरियल. प्रत्येक देशाचा एक रोबोट, माडीपेक्षा उंच, आणि सगळ्यांची आपसात स्पर्धा. प्रत्येकाच्या छातीवर एक दिवा. दिवा विझला की तो बाद. शेवटी उरेल तो जगाचा राजा. एवढं आम्हाला चित्रांवरून कळलं, कारण बाकी सगळं जपानीत!

भाऊंनी रविवारी सकाळी अकराला पहिली सीडी लावून दिली. पाच मिनिटांत फोन तापला.

"ताई, हे भांडतायत का अजून भांडणार आहेत?"

"ताई, यातला आपला कोण?"

एक आजी तर म्हणाल्या, "अगं, तुमची वायर उलटी जोडलीय का? माणसं उलटी बोलतायत!"

सलीम म्हणाला, "भाऊ, इसका आवाज बंद करू. आपला माणूस बसवू माईकवर. कुस्तीच्या फडात निवेदक असतो ना, वैसा."

भाऊंनी टाळी वाजवली. "अण्णा!"

अण्णा मागच्या गल्लीत राहायचे. सटाण्याकडचे. तरुणपणी पहिलवान, नंतर जत्रांमधल्या कुस्त्यांचे निवेदक. त्यांचा आवाज असा की लाऊडस्पीकर बंद पडला तरी शेवटच्या माणसाला ऐकू जायचा, असं म्हणत. पण पंचवीस वर्षांत त्यांनी माईकला हात लावला नव्हता. गणपतीत मंडळाची पोरं पाया पडली तरी नाही. लग्नात दोन शब्द बोला म्हटलं तरी नाही.

भाऊ दोनदा गेले, दोनदा हात हलवत आले. तिसऱ्यांदा त्यांना नुसतं बघायला म्हणून ऑफिसात घेऊन आले. अण्णा खुर्चीत बसले, चहा घेतला, पडद्याकडे बघेचनात. तेवढ्यात एका नारिंगी रोबोटनं दुसऱ्याची मान काखेत धरून त्याला अंगावरून पलीकडे फेकलं.

अण्णा उभेच राहिले. "अरे! ही तर ढाक शे! यांले ढाक कोणी शिकाडी?"

ढाक म्हणजे कुस्तीतला डाव. तापले किंवा खूश झाले की अण्णा अहिराणीवर जायचे. त्या दिवशी नक्की काय झालं होतं, मला कळलं नाही.

*

माईकवर बसण्याआधी अण्णांनी आम्हाला तिघांना समोर बसवलं. म्हणाले, "माझी एकच अट. निकाल मी देणार. जे डोळ्यांना दिसेल तेच बोलणार. मध्ये कोणी पडायचं नाही."

भाऊ हसले. "अण्णा, कार्टून आहे हो!"

अण्णा हसले नाहीत. मग त्यांनी जे सांगितलं, त्यानं आमच्या हातातला चहा गार झाला.

पंचवीस वर्षांपूर्वी इगतपुरीकडच्या एका जत्रेत शेवटची कुस्ती लागली. एका बाजूला जत्रेच्या अध्यक्षांनी पोसलेला पहिलवान. दुसऱ्या बाजूला रामा, डोंगरातल्या पाड्यावरचा पोरगा, भातशेतीतून सरळ आखाड्यात आलेला. कुस्ती खाली गेली. रामाचा एक खांदा मातीला लागला, दुसरा वरच होता. पंच पलीकडच्या बाजूला, त्याला काही दिसलं नाही. त्यानं मचाणावर अण्णांकडे बघितलं. अण्णांना स्वच्छ दिसत होतं. तेवढ्यात मागून अध्यक्षांनी अण्णांचं मनगट दाबलं.

"मी 'चितपट' म्हटलं," अण्णा म्हणाले. "हलगी वाजली. लोकांनी अध्यक्षांच्या पहिलवानाला खांद्यावर घेतलं. शब्द एकदा भोंग्यातून गेला की माघारी येत नाही ताई. रामा माझ्याकडे बघत राहिला. मग कपडे उचलले आणि चालायला लागला. पुन्हा मातीत उतरला नाही. मी दोनदा त्याच्या पाड्यावर जाऊन आलो. घर बंद. कुठं गेला, कोणाला ठाऊक नाही. मरायच्या आधी त्याला एकदा सांगायचंय, की मला दिसलं होतं."

 सलीमनं गुपचूप माईक त्यांच्यासमोर आणून ठेवला.

*

आता पहिल्या रविवारचं ऐका.

कुस्तीत जोड लागण्याआधी पहिलवानाचं गाव, वस्ताद आणि वजन सांगायची पद्धत. अण्णांनी नारिंगीचं नाव ठेवलं केशरी. समोरच्याचं जांभळ्या. दणक्यात सुरुवात केली, "मंडळी, शांत राहा, पोरं मागं घ्या, जोड लागतेय!" आणि माईकवर हात ठेवून सलीमला विचारलं, "वजन किती रे याचं?"

सलीमनं सीडीच्या कव्हरावरचे आकडे वाचले. "अडतीस टन."

अण्णा गप्प. एकदम गप्प! पडद्यावर दोघं एकमेकांना बुकलतायत आणि चॅनलवर शुकशुकाट. भाऊ काचेपलीकडून हातवारे करतायत. पाव मिनिटानं अण्णांचा आवाज आला, अगदी हळू, "मंडळी... त्या आखाड्याच्या मातीचं काय झालं असेल!"

त्या एका वाक्यावर पंचवटी जिंकली. पुढच्या रविवारी गल्लीत क्रिकेट बंद होतं.

*

चौथ्या रविवारी भारताचा रोबोट आला. गळ्यात नाग, तोंडाला सोंड, डोक्यावर फेटा. जपान्यांनी आपल्याबद्दल जे जे ऐकलं होतं, ते सगळं एकाच अंगावर चढवलेलं. पण आपला तो आपलाच! ज्यांच्याकडे केबल नव्हती ते शेजारी जाऊन बसले. आमच्याच पंचवटीतल्या मालेगाव स्टँडजवळच्या एका दुकानात टीव्हीपुढे उदबत्ती लावली होती, हे सलीमनं डोळ्यांनी पाहिलं.

तीन मिनिटं. तीनच! समोरच्यानं एक बुक्की मारली आणि आपल्याच्या छातीवरचा दिवा फटकन विझला.  रस्त्यावरून एक माणूस चालताना दिसेना. फोनसुद्धा वाजेना, इतके सगळे सुन्न.

आणि अण्णांचा आवाज आला. शांत. "दिवा विझला म्हणजे कुस्ती गेली, हे कुठल्या वस्तादानं सांगितलं? पहिलवान पायावर उभा आहे. पाठ टेकलेली नाही. कुस्ती बरोबरीत!"

बाहेर फटाके वाजले हो! खरंच वाजले!

भाऊ आत धावले. "अण्णा, सिरियलीत तो बाद झालाय! पुढं दिसणारच नाही!"

अण्णा म्हणाले, "बाद करायचं काम त्यांचं. चितपट द्यायचं काम माझं."

पुढे महिनाभर मला एकच प्रश्न, "आपला परत कधी येणार?" वैतागून मी एकदा ठोकून दिलं, की गुडघा दुखावलाय, मालीश चालू आहे. दुसऱ्या दिवशी दारात मखमलाबादच्या एक मावशी उभ्या. मळ्यातली फुलं घेऊन पंचवटीत विकायला बसायच्या. हातात तिळाच्या तेलाची बाटली.

"त्याच्या गुडघ्याला चोळा," म्हणाल्या.

मी आ वासून बघतच राहिले. "मावशी, अहो, तो लोखंडाचा आहे!"

"मग तर तेल पाहिजेच की! गंजेल ना!"

ती बाटली शेवटी सलीमनं ऑफिसच्या शटरला घातली. शटर इतकं हलकं झालं की तो भारताच्या रोबोटला रोज सलाम करायचा.

*

सगळ्यात मोठी फजिती माझ्यामुळे झाली, तीही सांगून टाकते. सीड्यांवरची धूळ पुसताना नऊ आणि दहा नंबरच्या मी अदलाबदल करून ठेवल्या. सलीमनं न बघता लावल्या.

म्हणजे झालं काय, एका रविवारी केशरीनं, पहिल्या रविवारी दिवा न विझता निसटलेल्या जांभळ्याला दोन्ही खांद्यांवर आपटलं. अण्णांनी चितपट दिला. जांभळ्याचे नंतर तुकडे तुकडे झाले, ते गोळा करून गाडीत भरून नेलेले सगळ्यांनी बघितले. आणि पुढच्या रविवारी जांभळ्या ठणठणीत! नवा कोरा! हात वर करून लोकांना अभिवादन करतोय!

 भाऊंनी डोक्याला हात लावला. मग घाईघाईनं एक चिठ्ठी खरडली आणि दार ढकलून अण्णांपुढे ठेवली.

अण्णांनी चष्मा वर केला. आणि माईकवर, सगळ्या पंचवटीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मंडळी, गेल्या रविवारी मी याला चितपट दिला होता. आज हा उभा आहे. कसा, ते मला ठाऊक नाही. विलासभाऊ चिठ्ठी देतायत, की 'जुळा भाऊ आहे असं सांगा'. मी सांगणार नाही!"

भाऊ आहेत तिथेच खाली बसले.

संध्याकाळी ते भाजी आणायला गेले, तर मंडईतून हाक आली, "काय जुळे भाऊ, मेथी द्यायची का?" पुढे कित्येक वर्षं ते नाव त्यांना चिकटलं. लग्नाच्या पत्रिका त्या नावानं आल्या.

मी मात्र अण्णांवर भडकले. म्हटलं, "अण्णा, तुम्ही रोबोटांना गावं देता, वस्ताद देता, केशरीची आई घरी उपाशी बसलीय म्हणून सांगता. मग एक जुळा भाऊ दिला असता तर काय बिघडलं असतं?"

अण्णा म्हणाले, "पोरी, निवेदनात तिखटमीठ चालतं. निकालात चालत नाही."

*

या सगळ्यात एक फोन होता, त्याबद्दल मी कोणाला बोललेच नव्हते. रोज पन्नास विक्षिप्त लोक फोन करतात, कोणाकोणाचं सांगणार?

दर रविवारी कुस्ती संपली की पाच मिनिटांनी तो यायचा. मागे रस्त्याचा आवाज, म्हणजे दुकानातल्या नाणी टाकायच्या फोनवरून. सावकाश बोलणारा माणूस.

"पाठ टेकली का?"

"अहो, अण्णांनी सांगितलं ना आत्ता!"

"ते ऐकलं. तुम्ही बघितली का?"

"बघितली. दोन्ही खांदे."

"बरं."

फोन बंद. ना कंप्लेंट, ना शिवी. चार महिने हेच! पहिल्यांदा हसू यायचं, मग राग यायला लागला. एकतर रविवारी सुट्टी नाही, त्यात हे. शेवटून दुसऱ्या रविवारी मी फाडकन बोलले, "आजोबा, अण्णांवर तुमचा विश्वास नसेल तर दुसरं चॅनल लावा ना!"

 मग म्हणाला, "एकदा ठेवला व्हता."

आणि फोन ठेवला.

 रिसीव्हर हातातच राहिला. मी आत गेले आणि अण्णांना सगळं सांगितलं. पहिल्या फोनपासून. अण्णांनी हातातली बशी खाली ठेवली.

"कसा बोलला? 'होता' म्हणाला का पाड्यावरच्यासारखं 'व्हता'?"

"व्हता."

"आणि तू चार महिने सांगितलं नाहीस!"

अण्णा माझ्यावर पहिल्यांदाच ओरडले. मला रडूच आलं. मग तेच म्हणाले, "जाऊ दे. तुझी काय चूक? रविवारी फोन आला की ठेवू देऊ नको. काहीही बोल. पाया पड, भांड, पण ठेवू देऊ नको."

पुढचा रविवार म्हणजे फायनल होती.

*

फायनलला अण्णा फेटा बांधून आले. समोर केशरी आणि त्याच्या दुप्पट एक काळा रोबोट. पंचवटीत केशरी सोडून दुसरा कोणी जिंकू शकतो, असा विचारही कोणी केला नव्हता. पोरांनी मिरवणुकीसाठी ढोल आणले होते, ते ऑफिसखालीच उभे. वॉर्डातले एक पुढारी झेंडूचा हार घेऊन आत येऊन बसलेले. हार अण्णांना, आणि अण्णांच्या हस्ते केशरीच्या फोटोला, असा भाऊंचा बेत.

पुढारी उठून अण्णांच्या मागे उभे राहिले. मनगटावर हात ठेवला आणि लाडानं म्हणाले, "अण्णा, केशरीच यायला पाहिजे हं. पोरं थांबलीयत."

अण्णांनी त्या हाताकडे बघितलं. दुसऱ्या हातानं तो उचलला आणि बाजूला ठेवला. सलीमनं माझ्याकडे बघितलं, मी सलीमकडे.

जोड लागली. काय बोलले अण्णा त्या दिवशी! एकेरी पट, कलाजंग, धोबीपछाड, सगळ्या डावांची नावं पोरांना पाठ झाली होती, खालून त्यांचा ओरडा वरपर्यंत येत होता. आणि मग काळ्यानं केशरीला कमरेत धरलं, डोक्यावर नेलं आणि आपटलं. धुरळा उडाला. धुरळा बसला. केशरी आकाशाकडे तोंड करून आडवा. डावा खांदा जमिनीला. उजवा खांदा जमिनीला. मी बघितला, सलीमनं बघितला.

मग जपान्यांचं संगीत सुरू झालं. केशरीच्या डोळ्यांत उजेड आला, तो उठला, लखलखत्या मुठीनं काळ्याच्या छातीवरचा दिवा फोडला. पडद्यावर आतषबाजी. केशरी जगाचा राजा! खाली ढोलावर पहिली टिपरी पडली.

आणि अण्णा बोलले, "थांबा. केशरी आधीच गेला. दोन्ही खांदे टेकले, मला दिसले. पुढची मारामारी कुस्तीत धरत नाहीत. कुस्ती काळ्यानं मारली. केशरी चितपट!"

ढोल थांबला.

 मग गल्लीत कुठेतरी एक पोरगं रडायला लागलं, मग दुसरं, मग सगळ्या गल्ल्यांतून रडणंच! पुढारी हार घेऊन जिना उतरले. भाऊ खुर्चीत मान टाकून बसले. आणि फोन! एक ठेवला की दुसरा. "म्हातारा फिरलाय!" "ताई, आमचं पोरगं जेवत नाही, तुम्ही येऊन भरवा!" एका बाईनं तर नुसतं हुंदके देऊन ठेवला. मी प्रत्येक फोनला दचकून ऐकत होते, की तो सावकाश आवाज येतोय का. तो आला नाही. बारा वाजत आले. सीडी संपून चॅनलवर नुसती निळी पाटी.

अण्णा काचेतून माझ्याकडे बघायचे. मी मान हलवायचे. नाही.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. एकेक पायरी मोजून चढणारी. दारात एक पन्नाशी उलटलेला माणूस उभा राहिला. अंगात वॉचमनचा खाकी ड्रेस, खिशाला शिट्टी. दोन्ही कान चुरगळलेले, मातीत घासून पहिलवानांचे होतात तसे.

माझ्याकडे न बघता सरळ आत गेला. अण्णा उठले. 

तो म्हणाला, "मी हिरावाडीत हाय. चार महिने ऐकतोय. तुम्ही एकबी निकाल खोटा दिला नाय. आज तर नायच नाय."

अण्णांनी त्याच्यापुढे खुर्ची सरकवली.

"मंग माझा?" तो म्हणाला. "माझी पाठ टेकली व्हती का?"

अण्णांनी 'नाही' म्हणून मान हलवली. त्याला ते पुरलं नाही. तो तसाच उभा. अण्णांना कळलं. "सलीम, माईक चालू कर."

सलीमनं बटण दाबलं. निळ्या पाटीवर सगळ्या पंचवटीत आवाज गेला. "मंडळी, एक निकाल द्यायचा राहिलाय. पंचवीस वर्षं राहिलाय. इगतपुरीकडच्या जत्रेतली शेवटची कुस्ती. रामा पहिलवानाचा एकच खांदा टेकला होता. मला स्वच्छ दिसलं. मी चितपट दिला. मी खोटं बोललो. त्याला कोणी हरवलं नाही. कुस्ती चालू होती, मी थांबवली."

 मी ढसाढसा रडत होते. भाऊ भिंतीकडे तोंड करून उभे.

रामानं खिशातली शिट्टी काढून टेबलावर ठेवली. चपला काढल्या. बाह्या वर केल्या. मग मांडीवर असा शड्डू ठोकला की माईकचा काटा लाल रेघेच्या पार गेला.

"चालू हाय ना?" तो म्हणाला. "मंग लावा!"

आणि अण्णांपुढे हात केला.

अण्णांनी फेटा उतरवला. चष्मा काढून माझ्या हातात दिला. पासष्टीचा माणूस! मी "अण्णा, अहो, गुडघे!" म्हणेपर्यंत त्यांनी रामाचा हात धरला होता. खुर्च्या बाजूला गेल्या. माईकवर कोणीच नव्हतं. सलीमनं इकडे बघितलं, तिकडे बघितलं आणि उचलला. जन्मात माईकवर न बोललेला सलीम! घसा खाकरून म्हणाला, "मंडळी, शांत राहा. पोरं मागं घ्या. जोड लागतेय."

माझ्या टेबलावर फोन वाजला. एक लहान मुलगा होता. रडून रडून नाक बंद झालेलं.

"ताई, टीव्हीवर नुसतं निळं दिसतंय. कोण जिंकतंय?"

मी काचेतून आत बघितलं.

"अजून कोणाची पाठ टेकलेली नाही," म्हटलं. "टीव्ही बंद करू नको."